जब्त आणि जप्ती : इश्वाक सिंह यांच्या दोन भूमिका

प्रास्ताविक

एकाच नटाच्या दोन टोकांच्या भूमिका शेजारी ठेवून पाहणे ही मराठी रसिकांची जुनी आवड आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात संभाजीराजे उभे केले आणि १९६६ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये लाल्या हा वाह्यात विद्यार्थी. दोन्ही नाटके वसंत कानेटकरांची. एक इतिहासातले, दुसरे चालू काळातले. अशा भूमिकांची तुलना करताना आपल्याकडे साधारणपणे एकच प्रश्न विचारला जातो : नट किती बदलला? आवाज, चाल, उभे राहण्याची पद्धत यांत जितका फरक अधिक, तितके नटाचे मोठेपण अधिक, असा आपला हिशेब असतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मी उलटा करून विचारणार आहे. नटाने जे बदलले नाही, जे दोन्ही भूमिकांत तसेच ठेवले, त्याचा अर्थ मात्र का बदलला? हा प्रश्न मला पडला तो इश्वाक सिंह या अभिनेत्याच्या दोन भूमिका लागोपाठ पाहताना. पहिली, ‘पाताल लोक’ या गुन्हेगारी मालिकेतील इम्रान अन्सारी हा तरुण पोलीस अधिकारी. दुसरी, ‘रॉकेट बॉइज’ या ऐतिहासिक मालिकेतील डॉ. विक्रम साराभाई. पहिली व्यक्तिरेखा काल्पनिक आहे, दुसरी आपल्या देशाच्या विज्ञानाच्या इतिहासातील. पहिलीच्या भोवती शिव्या, रक्त आणि पोलीस ठाणे आहे. दुसरीच्या भोवती प्रयोगशाळा, नृत्य, संगीत आणि पंडित नेहरूंचा काळ. आणि तरीही दोघांचे बोलणे, थांबणे, ऐकणे यांत विलक्षण साम्य आहे. या साम्याचा शोध घेता घेता मी जिथे पोहोचलो ती जागा आपणा शिक्षकांच्या वर्गाच्या दाराशी आहे, म्हणून हे टिपण या नियतकालिकासाठी लिहीत आहे.

दोन मालिका

‘पाताल लोक’चे पहिले पर्व मे २०२० मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आले. सुदीप शर्मा हे तिचे कर्ते. दिग्दर्शन अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय यांचे. यांपैकी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कथेचा आधार तरुण तेजपाल यांच्या २०१० मधील कादंबरीचा, तोही सैलसा. यमुनेपलीकडच्या एका दुर्लक्षित ठाण्यात हाथीराम चौधरी हा हरलेला, कंटाळलेला पोलीस निरीक्षक आहे. ही भूमिका जयदीप अहलावत यांनी केली आहे. एका प्रसिद्ध पत्रकाराच्या खुनाचा कट केल्याच्या आरोपावरून चौघे पकडले जातात आणि तपास हाथीरामकडे येतो. त्याच्या हाताखाली काम करणारा, आणि काम करता करता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा तरुण म्हणजे इम्रान अन्सारी. दुसरे पर्व जानेवारी २०२५ मध्ये आले. त्यात अन्सारी भारतीय पोलीस सेवेत दाखल झाला आहे आणि हाथीराम आहे तिथेच आहे.

‘रॉकेट बॉइज’ ही मालिका सोनी लिव्हवर फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि तिचे दुसरे पर्व मार्च २०२३ मध्ये आले. दिग्दर्शन अभय पन्नू यांचे. डॉ. होमी भाभांच्या भूमिकेत जिम सर्भ, साराभाईंच्या भूमिकेत इश्वाक सिंह, मृणालिनी साराभाईंच्या भूमिकेत रेजिना कॅसॅन्ड्रा. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोघांच्या ओळखीपासून १९७४ च्या पोखरणपर्यंतचा काळ दोन पर्वांत मिळून येतो. १९६३ च्या नोव्हेंबरात थुंब्याहून झालेले पहिले रॉकेट उड्डाण हा पहिल्या पर्वाचा कळस आहे.

साराभाई : घरंदाज संयम

साराभाई घराणे अहमदाबादचे, गिरणीमालकांचे. वडोदऱ्याच्या जुन्या वाचकांना हे नाव अवकाशविज्ञानाच्याही आधी औषधांच्या कारखान्यामुळे ठाऊक असेल. विक्रम साराभाई यांचा जन्म १९१९ चा, मृत्यू ३० डिसेंबर १९७१ चा. त्या बावन्न वर्षांत भौतिक संशोधन प्रयोगशाळा, वस्त्रोद्योग संशोधन संस्था, अहमदाबादची व्यवस्थापन संस्था आणि अवकाश संशोधन संघटना या सर्वांच्या उभारणीत त्यांचा हात होता. असे चरित्र वाट्याला आले की सामान्य नट छाती पुढे काढतो, आवाज लावतो. इश्वाक सिंह यांनी तसे केले नाही. त्यांचा साराभाई हळू बोलतो. समोरचा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो. मतभेद सांगायचा असेल तर चेहऱ्यावर आधी किंचित हसू येते आणि मग वाक्य येते.

जिम सर्भ यांच्या भाभांशेजारी हा संयम फार उठून दिसतो. भाभा खोलीत शिरतात तेव्हा खोली त्यांची होते. साराभाई शिरतात तेव्हा खोली तशीच राहते, पण थोड्या वेळाने लक्षात येते की निर्णय त्यांच्या बाजूने झुकला आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर अणुबॉम्बचा प्रश्न निघतो तेव्हाची दोघांची झुंज या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मित्र समोर आहे, देश हरलेला आहे, खोलीतले वातावरण बॉम्बच्या बाजूचे आहे, आणि हा माणूस नकार देतो. आवाज न चढवता देतो. त्या नकाराने मैत्रीला तडा जातो, पण त्याच्या देशभक्तीबद्दल कोणी शंका घेत नाही. त्याच्या नकारामागे भित्रेपणा असेल, भाबडेपणा असेल, असे म्हणणारे आहेत. फितुरी असेल असे म्हणणारा कोणी नाही.

ही बाब लक्षात ठेवावी. साराभाईंचा संयम हा एका सुरक्षित माणसाचा संयम आहे. घर, घराणे, संपत्ती, केंब्रिजचे शिक्षण आणि नाव हे सगळे त्याच्या पाठीशी उभे आहे. तो हळू बोलला तरी ऐकले जाणार, हे त्याला माहीत आहे. म्हणून त्याचे शांत राहणे आपल्याला संस्काराचे लक्षण वाटते. घरातल्या माणसांशी वागतानाचा त्याचा अबोलपणा मालिकेने दोष म्हणूनही दाखवला आहे. मृणालिनींना त्या शांतपणाची किंमत मोजावी लागते. परंतु बाहेरच्या जगात हा शांतपणा म्हणजे त्याचे भांडवल आहे.

अन्सारी : पगारी संयम

आता हाच नट, हाच हळू आवाज, हेच क्षणभर थांबणे ‘पाताल लोक’मध्ये पाहू. पहिल्या भागात हाथीराम अन्सारीला स्वर्ग, धरती आणि पाताळ या तीन लोकांची कहाणी ऐकवतो. शास्त्रात लिहिलेली, पण हाथीरामने वाचलेली व्हॉट्सॲपवर. अन्सारी ऐकतो. तो जन्मभर ऐकतच आला आहे असे वाटते. त्याच्या अभ्यासाची सहकाऱ्यांत थट्टा होते, त्याच्या समाजाविषयी त्याच्या देखत बोलले जाते. बोलणारे त्याचे शत्रू नाहीत, रोज एकत्र चहा पिणारे आहेत. म्हणूनच तो विषय अधिक अवघड आहे. शत्रूला उत्तर देता येते. चहा पिता पिता झालेल्या थट्टेला उत्तर दिले, तर उत्तर देणाराच तिखट ठरतो.

अशा प्रसंगी इश्वाक सिंह काय करतात? जवळजवळ काही नाही. मान वर होत नाही, मूठ आवळली जात नाही, कॅमेऱ्याकडे अर्थपूर्ण दृष्टिक्षेप नाही. हातातले काम चालू राहते, फक्त त्या कामाची गती अर्ध्या क्षणापुरती मंदावते. साराभाईंच्या भूमिकेत जो क्षण विचाराचा वाटला होता, तोच क्षण इथे गिळण्याचा वाटतो. नटाची सामग्री तीच, पण त्या सामग्रीमागे उभे असलेले जग वेगळे, म्हणून अर्थ वेगळा.

याच मालिकेत पकडल्या गेलेल्या चौघांपैकी एक कबीर एम. आहे. आपले आडनाव एका अक्षरात दडवून फिरणारा. सुंता वैद्यकीय कारणासाठी झाल्याचा दाखला जवळ बाळगणारा. त्याच्या बापाने त्याला आपली ओळख लपवूनच जगायला शिकवले, आणि तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेल्यावर त्याच मुलाला सीमेपलीकडच्या कटातला जिहादी म्हणून उभे केले जाते. त्या बापाचा जबाब हा मालिकेतील सर्वांत जड प्रसंगांपैकी एक आहे. अन्सारी हे सगळे गणवेशात उभा राहून पाहतो. एका बाजूला ओळख पुसूनही न सुटलेला कबीर, दुसऱ्या बाजूला ओळख न पुसता, केवळ गुणवत्तेच्या जोरावर वर जाऊ पाहणारा अन्सारी. दोघांच्या मध्ये फक्त टेबलाएवढे अंतर आहे. पटकथेची ताकद अशी की हे अंतर कोणी बोलून दाखवत नाही. आणि नटाची ताकद अशी की अन्सारीच्या चेहऱ्यावर ते दिसते, पण त्याला ते दिसू द्यायचे नव्हते हेही दिसते.

आणखी एक गोष्ट उर्दूचा अध्यापक म्हणून नोंदवतो. हिंदी पडद्यावर मुसलमान पात्र आले की त्याच्या तोंडी शेर, गळ्यात ताईत, मागे कव्वाली असे सामान हमखास यायचे. अन्सारी या सामानाशिवाय येतो. तो दिल्लीतल्या कोणत्याही शिकलेल्या मुलासारखी साधी हिंदी बोलतो. त्याची भाषा त्याच्या धर्माची जाहिरात करत नाही. उर्दूवर माझा जीव आहे, तरीही हे मला बरे वाटले. भाषा ही माणसाची असावी, वेशभूषेचा भाग असू नये.

एका शब्दाचे दोन अर्थ

या दोन संयमांतील फरक कोणत्या शब्दांत मांडावा याचा विचार करताना मला आपल्या दोन भाषांनीच मदत केली. उर्दूत ‘जब्त’ हा शब्द आवरण्याच्या, स्वतःवर ताबा ठेवण्याच्या अर्थी येतो. दुःख जब्त करणे म्हणजे डोळ्यांपर्यंत आलेले पाणी परत फिरवणे. हाच अरबी शब्द मराठीत ‘जप्त’ झाला आणि त्याची ‘जप्ती’ झाली. सावकाराने किंवा सरकारने घरातली भांडीकुंडी उचलून नेणे, हा त्याचा अर्थ आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना कळतो. उर्दूतही हा दुसरा अर्थ आहेच. बंदी आलेल्या पुस्तकांना तिथे जब्तशुदा म्हणतात. त्याच धातूपासून ‘जाबता’ म्हणजे नियम, पद्धत हा शब्द बनला. मराठी दप्तरांत ‘कानुजाबता’ आहे आणि उर्दूत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला आजही ‘जाब्ता-ए-फौजदारी’ म्हणतात.

एकाच मुळातून आलेल्या या शब्दांनी दोन्ही भूमिकांचा उलगडा होतो. साराभाईंचा संयम हा जब्त आहे. बोलायचा अधिकार पूर्ण हाती आहे, तो किती वापरायचा हे तो माणूस स्वतः ठरवतो. अन्सारीच्या संयमात जप्ती आहे. बोलायचा अधिकार कागदोपत्री त्याचाही आहे, पण वापरायला गेला तर नोकरी, बढती, मैत्री, प्रामाणिकपणाची ख्याती यांपैकी काहीतरी उचलून नेले जाईल, याचा त्याला अंदाज आहे. म्हणून तो आधीच सगळे आत ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच सुसंस्कृत दिसतात. इश्वाक सिंह यांचे श्रेय असे की त्यांनी बाहेरचे रूप सारखे ठेवून आतला फरक दाखवला. वेश आणि आवाज बदलून वेगळेपण दाखवणे तुलनेने सोपे. आवाज तोच ठेवून त्याचे वजन बदलणे अवघड.

या वाटेवरचे पूर्वीचे पोलीस

हिंदी पडद्यावर मुसलमान पोलीस अधिकारी नवा नाही. १९८३ च्या ‘अर्ध सत्य’मध्ये इन्स्पेक्टर हैदर अली होता. भूमिका कोकणातल्या शफी इनामदारांची. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. हा हैदर अली व्यवहारी आहे, वरिष्ठ मित्र आहे, अनंत वेलणकरला खात्याची वाट समजावून सांगणारा आहे. तो मुसलमान आहे ही गोष्ट चित्रपटात आहे तितकीच आहे. तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये मुकेश ऋषी यांनी केलेला इन्स्पेक्टर सलीम आला. तोवर काळ बदलला होता. सलीमला आपल्या निष्ठेबद्दलची शंका सहन होत नाही, तो दुखावतो, बोलतो, आणि पुढे कामातून निष्ठा सिद्ध करतो.

२०२० चा अन्सारी या मालिकेतला तिसरा. हैदर अलीला सिद्ध करावे लागले नाही. सलीमने बोलून आणि करून सिद्ध केले. अन्सारी सिद्ध करायचे आहे हे गृहीत धरूनच जगतो आणि त्याविषयी बोलत नाही. सदतीस वर्षांतला हा प्रवास तीन नटांच्या आवाजाच्या पट्टीतून ऐकू येतो. इनामदारांचा आवाज मोकळा, ऋषींचा भरलेला, इश्वाक सिंह यांचा आवरलेला. आपल्या समाजाच्या सार्वजनिक जीवनातील आत्मविश्वासाचा इतिहास लिहिणाऱ्याने या तीन आवाजांची नोंद घ्यावी, असे मला वाटते.

नेहरूंच्या काळातला काल्पनिक मुसलमान

येथवर आपण नटाविषयी बोललो. आता ज्या मालिकेत तो साराभाई झाला तिच्याविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. ‘रॉकेट बॉइज’मध्ये भाभांचे प्रतिस्पर्धी म्हणून मेहदी रझा नावाचा शास्त्रज्ञ आहे. भूमिका दिव्येंदु भट्टाचार्य यांनी ताकदीने केली आहे. हा रझा बुद्धिमान आहे, पण कडवट आहे, दुखावलेला आहे, आणि मालिकेच्या बऱ्याच भागात संशयाची सुई त्याच्याकडे वळलेली राहते. खरा फितूर पुढे दुसराच निघतो. पण तोवर प्रेक्षकाच्या मनात जे बसायचे ते बसलेले असते.

असा शास्त्रज्ञ इतिहासात नाही. भाभांशी ज्यांचे खरोखर मतभेद होते ते कोलकात्याचे डॉ. मेघनाद साहा. १९२० च्या सुमारास मांडलेल्या त्यांच्या आयनीभवनाच्या समीकरणाने ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणे शक्य झाले. ढाक्याजवळच्या गरीब घरातला, जातीचे चटके सोसून वर आलेला हा माणूस १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेला आणि १९५४ मध्ये त्याने अणुऊर्जेच्या धोरणावर सभागृहात उघड टीका केली. हा वाद तत्त्वाचा होता. संशोधन विद्यापीठांत वाढावे की सरकारी खात्याच्या गुप्ततेत, हा त्यातला एक मोठा प्रश्न होता आणि तो आपल्यासारख्या महाविद्यालयीन शिक्षकांच्या आजही जिव्हाळ्याचा आहे. रझाचे पात्र पाहताना साहांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मालिकेत तो वाद उरला, माणूस बदलला, आणि बदलून आलेला माणूस मुसलमान आणि संशयित झाला. यात दोघांवर अन्याय झाला. साहांचे त्यांच्या जातीशी आणि गरिबीशी जोडलेले कर्तृत्व गेले, आणि मुसलमानाला इतिहासात नसलेला एक डाग मिळाला.

लेखकांना मुसलमान शास्त्रज्ञ हवाच होता तर इतिहासात ते होते. डॉ. हुसेन झहीर हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते आणि १९६२ ते १९६६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. उर्दूच्या विद्यार्थ्यांना ते सज्जाद झहीर यांचे बंधू म्हणून ठाऊक असावेत. हैदराबादच्या वाचकांना तार्नाक्याची ती प्रयोगशाळा ठाऊक आहेच. डॉ. ओबेद सिद्दिकी हे अलीगढचे विद्यार्थी. त्यांना स्वतः भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले आणि १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती दिला. म्हणजे खऱ्या भाभांनी मुसलमान शास्त्रज्ञाला विभाग उभारायला दिला आणि मालिकेतल्या भाभांना मुसलमान शास्त्रज्ञ वैरी म्हणून मिळाला. मालिकेत तरुण अब्दुल कलाम आहेत, अर्जुन राधाकृष्णन यांनी ती भूमिका गोड केली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण एक आदर्श आणि एक संशयित, या दोनच खुर्च्या मांडल्या की मधली सर्वसाधारण खुर्ची रिकामी राहते. ज्याच्यावर आरती ओवाळायची नाही आणि ज्याची झडतीही घ्यायची नाही, असा माणूस तिथे बसायला हवा होता.

ही मधली खुर्ची मला सापडली ती ‘पाताल लोक’च्या ठाण्यात. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्या मालिकेला आपण कुटुंबासह पाहण्याजोगी, विद्यार्थ्यांना सुचवण्याजोगी म्हणतो, तिने आपल्याला संशयित दिला. ज्या मालिकेतील शिव्यांमुळे आपण घरात आवाज कमी करतो, तिने आपल्याला कष्टाळू, अबोल, परीक्षा देणारा एक साधा मुलगा दिला.

आक्षेप

‘पाताल लोक’विषयीही माझे आक्षेप आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. पहिला, हिंसा आणि अपशब्द यांचा भडिमार. त्यातला काही भाग कथेची गरज आहे, काही भाग सवयीचा आहे. ही मालिका वर्गात दाखवता येणार नाही आणि दाखवूही नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अन्सारी फारच चांगला आहे. तो लाच घेत नाही, चिडत नाही, निलंबित झालेल्या हाथीरामलाही साथ देतो. मालिकेतील बाकी सर्व माणसांना दोष ठेवण्याची मुभा लेखकांनी दिली. हाथीराम मुलावर हात उचलतो, पत्रकार संधिसाधू आहे, वरिष्ठ अधिकारी मिंधे आहेत. अन्सारीला ही मुभा नाही. त्याला आदराने वागवायचे तर आधी निर्दोष करावे लागते, ही लेखकांची अडचण समजण्यासारखी आहे. पण तीही एक प्रकारची जप्तीच आहे. चुकण्याचा अधिकार काढून घेतला की माणूस पुरता माणूस उरत नाही.

तिसरा आक्षेप दुसऱ्या पर्वाविषयी. अन्सारी आता वरिष्ठ आहे. हाथीराम त्याला ‘सर’ म्हणतो आणि दोघेही संकोचतात. इश्वाक सिंह यांनी हा संकोच अतिशय नाजूकपणे सांभाळला आहे. हुद्दा मिळाला तरी आवाजाची पट्टी वाढलेली नाही. खांद्यावर तारे आले पण खांदे तसेच राहिले. याच पर्वात अन्सारी आपण समलैंगिक असल्याचे हाथीरामला सांगतो. आपल्या काही वाचकांना हा भाग अवघड वाटेल. भूमिकेच्या अंगाने मात्र त्याला महत्त्व आहे. त्याचे सारे आयुष्य आणखी एका दाराआड बंद होते, हे कळल्यावर पहिल्या पर्वातली त्याची शांतता मागे जाऊन पुन्हा पाहावीशी वाटते. आणि एका माणसाजवळ तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतो न बोलतो तोच, पर्वाच्या मध्यावर, नागालँडमधील तपासात त्याचा खून होतो. पुढचे भाग हाथीरामच्या शोकावर आणि सूडावर चालतात. कथेला वेग आला, पण अन्सारीचा मृत्यू दुसऱ्याच्या कथेचे इंधन झाला. आवाज मिळण्याच्या क्षणीच त्याला काढून टाकणे हा पटकथेचा दोष आहे, असे माझे मत आहे.

वर्गाच्या दाराशी

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या महाविद्यालयात स्पर्धा परीक्षांचा मार्गदर्शन वर्ग चालतो. काही वर्षे मी तिथे सराव मुलाखती घेतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात भारतीय प्रशासन सेवेतील मुसलमानांचे प्रमाण ३ टक्के आणि पोलीस सेवेतील ४ टक्के असल्याचे आले होते, तेव्हा लोकसंख्येतील आपला वाटा १३.४ टक्के होता. हे आकडे फळ्यावर लिहूनच वर्गाची सुरुवात करण्याची माझी पद्धत आहे. पुढे मी विद्यार्थ्यांना सांगतो : मंडळापुढे शांत राहा. तुमच्या समाजाविषयी काही टोचणारे विचारले तरी हसऱ्या चेहऱ्याने उत्तर द्या. तोलून बोला.

‘पाताल लोक’ पाहिल्यानंतरच्या वर्षी एका सराव मुलाखतीत मी मुद्दाम तसा प्रश्न विचारला. मुलगा क्षणभर थांबला, किंचित हसला आणि त्याने अतिशय तोलून उत्तर दिले. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले. खाली जाताना जिन्यात त्याने विचारले, “सर, हे झालं मुलाखतीचं उत्तर. खरं उत्तर कुठं द्यायचं?”

मला त्या वेळी काही सुचले नाही. मी खांद्यावर हात ठेवला आणि विषय बदलला. घरी गेल्यावर लक्षात आले की त्या मुलाचा तो क्षणभराचा थांबा मी आधी पडद्यावर पाहिला होता. इश्वाक सिंह यांनी तो अभिनयाने कमावला होता. माझ्या विद्यार्थ्याला तो मी शिकवला होता. साराभाईंचा संयम शिकवतो आहे अशा समजुतीत मी अन्सारीचा संयम शिकवत होतो.

मुलाखतीत शांत राहणे चूक नाही. तो सल्ला मी आजही देतो आणि देत राहीन, कारण नोकरी मिळाली पाहिजे. परंतु ‘खरे उत्तर’ देण्याची जागाही आपल्याच संस्थांनी द्यायला हवी, हे मला त्या जिन्यात कळले. त्यानंतर मी एक बदल केला. सराव मुलाखत संपली की त्याच खोलीत, दार लावून, अर्धा तास मोकळी चर्चा होते. जो प्रश्न टोचला त्याचे मनातले उत्तर विद्यार्थी तिथे देतात. कोणी चिडते, कोणाचा गळा भरून येतो, क्वचित कोणी आपल्याच समाजाच्या दोषांवर इतके स्पष्ट बोलते की मला खाली पाहावे लागते. त्या अर्ध्या तासाला गुण नाहीत. पण त्यानंतर जे विद्यार्थी शांत राहतात, त्यांची शांतता वेगळी ऐकू येते. बोलता येते हे माहीत असलेल्या माणसाची ती शांतता असते.

समारोप

एकाच नटाच्या दोन भूमिका पाहण्याचा हा अभ्यास इथे थांबवतो. इश्वाक सिंह यांनी साराभाई आणि अन्सारी यांना एकच हळू आवाज दिला, आणि त्यामुळेच तो आवाज कुठे स्वतःच्या मर्जीने हळू आहे व कुठे धाकाने, हे आपल्याला ऐकता आले. ऐतिहासिक मालिका उजळ आणि गुन्हेगारी मालिका काळी, ही आपली जुनी प्रतवारी या दोन उदाहरणांपुरती तरी उलटी ठरते. विद्यार्थ्यांना काय पाहा म्हणावे हे ठरवताना आपण विषयाची प्रतिष्ठा न पाहता त्यातल्या माणसांना मिळालेली जागा पाहावी, एवढी विनंती. आणि आपल्या वर्गात एखादा विद्यार्थी फार शांत, फार समजूतदार, फार तोलून बोलणारा असेल, तर त्याला शाबासकी देण्याआधी एकदा जवळ बसवून विचारावे की तो जब्त करतो आहे, की त्याची जप्ती झाली आहे.